किडींचे प्रजनन आणि ऋतुमानाचा हिशेब

कीटकांच्या शरीरात स्वतःची उष्णता टिकवून धरणारी यंत्रणा जवळजवळ नसते, आणि शेतीतील किडींविषयीच्या कितीतरी प्रश्नांची मुळे या एका वस्तुस्थितीपर्यंत जाऊन पोहोचतात. माणूस, गाय किंवा चिमणी यांच्या शरीराचे तापमान बाहेर थंडी असो वा ऊन, ठरावीक मर्यादेत राहते. अळी, मावा किंवा भुंगेरा यांचे शरीर मात्र भोवतालच्या हवेबरोबर, पानाबरोबर किंवा मातीबरोबर तापते आणि तिच्याबरोबरच निवते. शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे अंड्यातून अळी केव्हा बाहेर पडेल, ती किती दिवसांत पोसली जाईल, कोषातून पतंग केव्हा निघेल आणि मादी किती अंडी घालील, यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ किडीच्या जातीवरून सांगता येत नाही. ती कोणत्या हवेत वाढली हेही पाहावे लागते. ऊन वाढले की कीड वाढते हा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो निराधारही नाही, परंतु तो अर्धाच खरा आहे. पिढी लवकर पूर्ण होणे ही एक गोष्ट आणि किडीची संख्या वाढणे ही दुसरी गोष्ट आहे, आणि या दोहोंच्या मध्ये ओल, दिवसाची लांबी, खाद्य, शत्रुकीटक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिकाची वेळ असे अनेक घटक उभे असतात.

प्रथम वेगाचा विचार करावा लागतो. प्रत्येक किडीचे एक किमान तापमान असते, ज्याच्या खाली तिची वाढ थांबते. कीड मरतेच असे नाही, पण ती जिथल्या तिथे थबकते. त्या उंबरठ्याच्या वर दररोज जितके अंश मिळतील तितके तिच्या खात्यावर जमा होतात आणि ठरावीक बेरीज पूर्ण झाली की एक अवस्था संपून दुसरी सुरू होते. या बेरजेला ‘अंश-दिवस’ म्हणतात. वाढीला लागणाऱ्या उष्णतेची अशी बेरीज मांडण्याची कल्पना फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये प्रथम पिकांच्या पक्वतेसंबंधी मांडली. कीटकांवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिणारा हाच अभ्यासक होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज जगभर कीड येण्याचे अंदाज याच हिशेबावर उभे आहेत.

हा हिशेब मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा भागात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर पोहोचली. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासानुसार तिचा उंबरठा सुमारे साडेबारा अंश सेल्सिअस असून अंड्यापासून पतंगापर्यंत पोहोचण्यास तिला सुमारे ३९० अंश-दिवस लागतात. तापमान सतत १८ अंश राहिले तर दिवसाला साडेपाच अंशच जमा होतात आणि एक पिढी पूर्ण होण्यास ७१ दिवस जातात; तेच ते ३२ अंश राहिले तर दिवसाला साडेएकोणीस अंश जमा होऊन पिढी २० दिवसांत आटोपते. मक्याचे पीक साधारण १०० ते ११० दिवस शेतात उभे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे गांभीर्य कळते. थंड हवेत त्या पिकावर एखादी पिढी होईल, तर उष्ण हवेत चार-पाच पिढ्या एकमेकींवर चढत जातील, आणि एक मादी हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक अंडी घालू शकत असल्यामुळे प्रत्येक जादा पिढीचा भार मागच्या पिढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय ही कीड हिवाळ्यात सुप्तावस्थेत जात नाही. थंडी सौम्य असलेल्या प्रदेशात तिला मका मिळत राहिला की ती बारमाही राहते.

तथापि तापमानाचा आलेख वर वर जात राहत नाही. एका मर्यादेपर्यंत तो चढतो, बहुतेक किडींच्या बाबतीत २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान शिखर गाठतो आणि त्यापुढे चढला होता त्याहून अधिक वेगाने कोसळतो. उष्ण हवेत भराभर वाढलेल्या अळ्यांचे पतंग बहुधा लहान आकाराचे निघतात, आणि लहान मादीच्या अंडाशयात अंडीही कमी असतात. त्यामुळे पिढी लवकर पूर्ण झाली तरी तिचे उत्पन्न घटलेले असते. याहून महत्त्वाची आणि बराच काळ दुर्लक्षित राहिलेली गोष्ट नराची आहे. पिठात आणि रव्यात सापडणारा तांबडा भुंगेरा सर्वांच्या परिचयाचा आहे. या भुंगेऱ्यावर इंग्लंडमध्ये केलेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग असे दाखवतात की पाच दिवस ४२ अंशांच्या उष्णतेत ठेवलेल्या नरांची प्रजननक्षमता निम्म्यावर येते आणि तशीच दुसरी लाट सोसावी लागली तर ते जवळजवळ वांझ होतात, मादीच्या प्रजननावर मात्र त्या मानाने परिणाम होत नाही. भुंगेरा जिवंत असतो, हिंडतो, खातो, परंतु त्याच्यापासून पिढी पुढे चालत नाही. म्हणून कीड किती तापमानाला मरते एवढेच मोजून भागत नाही. मरणाच्या कितीतरी आधी, कमी तापमानातच, तिचे प्रजनन थांबलेले असू शकते.

सरासरी तापमानही या बाबतीत फसवे ठरते. दिवसा ४० आणि रात्री २० अंश असलेल्या दिवसाची सरासरी ३० येते, आणि दिवसा ३३ व रात्री २७ अंश असलेल्या दिवसाचीही तीच येते; पहिल्या दिवशी मात्र किडीला दुपारी ताण आणि पहाटे मंदपणा सोसावा लागतो, तर दुसऱ्या दिवशी चोवीस तास वाढीला पोषक असतात. ढगाळ हवामानात मावा वाढतो हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव यातूनच उलगडतो. ढग दिवसाचे तापमान चढू देत नाहीत आणि रात्रीचे फारसे उतरू देत नाहीत, त्यामुळे अनुकूल पट्ट्यात जाणारे तास वाढतात. हवेतील आर्द्रतेमुळे नाजूक शरीराची पिल्ले सुकत नाहीत, ही त्यात भर.

माव्याची प्रजननपद्धतीच अशी आहे की तिला थोडीशी अनुकूलता पुरते. रब्बी ज्वारीच्या पानांखाली मावा साचून त्याच्या गोड स्रावाने पाने तेलकट, चिकट झाली की शेतकरी ‘चिकटा पडला’ असे म्हणतात. त्या पानांवरील बहुतेक सर्व कीटक माद्या असतात. त्या नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिल्लांना जन्म देतात आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढीला लागलेले असतात. हवा अनुकूल असली की आठवडाभरात हे पिल्लू स्वतः पिल्ले देऊ लागते, आणि संख्येची वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. गर्दी वाढली किंवा झाड सुकू लागले की पुढच्या पिढ्यांत पंख असलेल्या माद्या निपजतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या शेतात जातात. म्हणजे एकाच आईच्या वंशाला पंख फुटावेत की नाही हेही भोवतालची परिस्थिती ठरवते. याउलट पावसाची एखादी जोरदार सर पानांवरचा मावा आणि फुलकिडे धुऊन काढते, आणि तेवढ्या एका सरीने जे साधते ते अनेकदा फवारणीनेही साधत नाही.

पाण्याचा, म्हणजे हवेतील आर्द्रतेचा आणि मातीतील ओलीचा, परिणाम उष्णतेच्या मानाने कमी चर्चिला जातो, वास्तविक महाराष्ट्रातील काही किडींचे संपूर्ण वर्षच ओलीवर बांधलेले असते. उसाची मुळे खाणारी हुमणी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हुमणीचे भुंगेरे उन्हाळ्यात जमिनीत तयार होऊन बसतात, परंतु बाहेर पडत नाहीत. मे-जून महिन्यांत वळवाचा किंवा मोसमी पावसाचा पहिला चांगला शिडकावा होऊन ओल त्यांच्यापर्यंत पोहोचली की त्याच दिवसांत, तिन्हीसांजेला, ते मातीतून वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर व बाभळीवर थव्याने जमतात. तेथेच त्यांचे मिलन होते, रात्री ते पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा जमिनीत शिरतात. त्यानंतर मादी ओलसर मातीत सुमारे ५० ते ७० अंडी घालते. माती कोरडी राहिली तर अंडी सुकतात; ओल योग्य असली तर त्यांतून निघालेल्या अळ्या आधी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर आणि नंतर मुळांवर वाढत जातात. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. जी कीड वर्षातून एकदाच आणि तीही पावसाच्या इशाऱ्यावर बाहेर येते, तिचा वार्षिक हिशेब पहिल्या पावसानंतरच्या काही संध्याकाळींतच करता येतो. त्या वेळी गावाने मिळून झाडे हलवून भुंगेरे गोळा केले किंवा प्रकाश सापळे लावले तर अंडी घालण्यापूर्वीच माद्या नाहीशा होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस पिवळा पडल्यावर हाच उपाय निरर्थक ठरतो, कारण तोवर अळ्या जमिनीत खोल मुळांशी पोहोचलेल्या असतात.

साठवणीच्या धान्यात ओलीचे महत्त्व आणखी स्पष्ट दिसते, कारण तेथे ऊन, वारा, पाऊस यांची सरमिसळ नसते. गहू-तांदळातील सोंड्यांची मादी दाण्याला भोक पाडून त्यात अंडे घालते आणि भोक स्वतःच्या स्रावाने बुजवून टाकते. २८ ते ३० अंश तापमान आणि दाण्यात पुरेसा ओलावा असला की तिची पिढी महिनाभरात तयार होते, परंतु दाण्यातील ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला की प्रजनन जवळजवळ बंद पडते. चैत्र-वैशाखात धान्य कडक उन्हात वाळवून मगच कणगीत किंवा कोठीत भरण्याच्या प्रथेला हा भक्कम शास्त्रीय आधार आहे. त्यातही एक अपवाद असा की खापरा भुंगेरा ही गव्हातील कीड कोरड्या आणि तप्त हवेतच फोफावते; तिला ३३ ते ३७ अंशांचे तापमान मानवते आणि अत्यंत कोरडे धान्यही चालते. परिस्थिती फारच बिघडली तर तिच्या अळ्या पोत्यांच्या शिवणीत आणि भिंतींच्या भेगांत वाढ थांबवून वर्षानुवर्षे तग धरतात. कीड आपल्यापुरते हवामान घडवू शकते हेही गोदामातच दिसते. मोठ्या ढिगात किडींची संख्या वाढली की त्यांच्या श्वसनाने धान्याचा तो भाग तापतो, ती उष्णता आसपासच्या किडींना वेग देते आणि अखेरीस तो भाग इतका तापतो की कीटकांना तेथून बाहेर सरकावे लागते.

उष्णता आणि ओल यांत वर्षागणिक चढउतार होतात. दिवसाची लांबी मात्र त्या त्या ठिकाणी दरवर्षी तारखेनुसार तीच असते. म्हणून अनेक कीटकांनी ऋतू ओळखण्यासाठी उष्णतेपेक्षा प्रकाशावर अधिक विसंबावे, हे नवल नाही. अमेरिकेतील टेनेसी येथे मार्कोविच या संशोधकाने १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्ट्रॉबेरीवरील माव्याला मिळणारा प्रकाश कमी करून दाखवून दिले की दिवस लहान झाला की वर्षभर नराविना पिल्ले देणारा मावा नर-मादी निर्माण करून अंडी घालू लागतो. थंड देशांत ही अंडीच हिवाळा काढतात. भारतात कडाक्याची थंडी नसलेल्या भागांत बहुतेक जातींच्या माव्याला त्याची गरज पडत नाही. पण दिवसाच्या लांबीकडे पाहून वागणारी आणि महाराष्ट्राच्या शेतीला सर्वाधिक पिडणाऱ्या किडींपैकी एक असलेली जात कपाशीवर राहते, ती म्हणजे गुलाबी बोंडअळी.

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन भारतातील, भडोच भागातील कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये झाले. तिचा पतंग लहान, तपकिरी आणि निशाचर असतो. मादी शेकड्यांनी अंडी घालते, सुरुवातीला पात्यांजवळ, म्हणजे कळ्यांजवळ, आणि फुलांजवळ, बोंडे धरल्यानंतर मुख्यतः बोंडाच्या बुडाशी. तीन ते पाच दिवसांत निघालेली अळी दोन तासांच्या आत बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसत राहते आणि आत अळी सरकी खात असते. फुलात अळी असली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. विदर्भ-मराठवाड्यात त्याला ‘डोमकळी’ म्हणतात आणि पिकात शिरून डोमकळ्या शोधणे हेच पहिल्या पिढीचे निदान होय. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, तेथील हवा बाहेरच्या इतकी कोरडी होत नाही आणि शत्रुकीटकांनाही ती दुर्गम असते. हवामानाच्या बहुतेक फटक्यांपासून सुरक्षित राहून ही कीड एका हंगामात चार ते सहा पिढ्या पूर्ण करू शकते.

तिच्या प्रजननाची खरी गुरुकिल्ली मात्र हंगामाच्या शेवटी आहे. नागपूरच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांहूनही लहान होतो. दिवस आखूड होऊ लागतात, रात्री गार होतात आणि बोंडे पक्व होऊन त्यांतील सरकीत तेल भरते, तेव्हा तिन्ही इशारे एकत्र मिळालेल्या अळ्यांपैकी काही कोषात जाण्याऐवजी पूर्ण वाढूनही थांबतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, वाळलेल्या बोंडात किंवा जमिनीवरच्या पाचोळ्यात त्या महिनोन्‌महिने न खाता पडून राहतात. विदर्भातील एप्रिल-मेच्या उन्हात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या मातीवर पडलेली अळी त्यात मरते, पण बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, ढिगाच्या आत, जिनिंगच्या आवारात किंवा सरकीच्या पोत्यात तो ताप पोहोचत नाही. उन्हाळा संपत आला, दिवस मोठे झाले आणि पावसाची ओल लागली की अळ्या कोषात जाऊन जून-जुलैमध्ये पतंग बाहेर पडतात.

त्या पतंगांच्या नशिबी पुढे काय यायचे, हे त्या आठवड्यात शेतात काय उभे आहे यावर ठरते. पतंगाचे आयुष्य काही दिवसांचेच असते. कपाशीला पात्या लागण्यापूर्वी ते निघाले तर मादी अंडी घालीत असली तरी निघालेल्या अळ्यांना खाद्य मिळत नाही आणि ती पिढी तिथेच संपते. कीटकशास्त्रात याला ‘आत्मघाती उदय’ म्हणतात. जूनच्या पावसावर पेरलेल्या कपाशीला पात्या येण्यास महिना-दीड महिना लागतो, म्हणून निसर्गाचा हिशेब कपाशीच्या बाजूने असतो. पण खानदेशात आणि सिंचनाची सोय असलेल्या इतर भागांत मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड झाली की जून-जुलैमध्ये निघालेल्या पतंगांना नेमक्या पात्या तयार सापडतात, त्यांच्यावर पहिली पिढी वाढते आणि पुढे मोसमी पावसावर पेरलेल्या कपाशीकडे वळते. हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडते. डिसेंबरनंतर जुन्याच पिकाला पाणी देऊन ‘फरदड’ घेतली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवी बोंडे मिळत राहतात आणि ज्या अळ्यांना उपासमार सोसावी लागली असती त्यांच्या आणखी एक-दोन पिढ्या होतात. तापमान, ओल आणि दिवसाची लांबी हे सारे घटक माणसाच्या हाताबाहेरचे असले तरी या किडीच्या बाबतीत निर्णायक ठरणारा घटक, म्हणजे शेतात बोंडे असण्याचा काळ, पूर्णपणे माणसाच्या हातात आहे. राज्य शासनाने अलीकडच्या काही हंगामांत कपाशीचे बियाणे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना न विकण्याचे निर्बंध घातले ते याच कारणाने.

या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत २०१७ च्या हंगामात दिसून आली. जनुकीय बदलामुळे बोंडअळ्यांना मारक प्रथिन स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आणि तिची दोन प्रथिनांची सुधारित आवृत्ती २००६ मध्ये आली. त्यामुळे अनेक वर्षे बोंडअळ्यांचा धाक ओसरला, लांब मुदतीचे संकरित वाण आणि फरदड यांना मोकळे रान मिळाले, आणि वर्षभर खाद्य मिळत राहिलेल्या गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या व मग दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली. हंगामात जितक्या जास्त पिढ्या होतात तितक्या अधिक वेळा निवड होते, त्यामुळे प्रतिकारशक्तीही हवामानाच्या आणि पिढ्यांच्या हिशेबापासून वेगळी काढता येत नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या, दाट कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. किडीच्या प्रजननाचा विचार हा प्रयोगशाळेपुरता विषय नव्हे, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

खाद्याचा परिणाम केवळ ते असण्या-नसण्याचा नसतो, त्याच्या प्रतीचाही असतो. पूर्व विदर्भातील धानावर येणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांच्या माद्या दोन प्रकारच्या असतात, आखूड पंखांच्या आणि लांब पंखांच्या. आखूड पंखांची मादी उडू शकत नाही, परंतु अधिक अंडी घालते; गर्दी होऊन धान सुकू लागला की लांब पंखांच्या माद्या निपजतात आणि दुसरीकडे निघून जातात. युरियाची मात्रा वाढवली की धानाच्या रसातील नत्र वाढते आणि त्यावर पोसलेल्या माद्यांची अंडीही वाढतात. त्यात दाट रोवणी केली की चुडांच्या बुंध्याशी सावली, ओल आणि स्थिर तापमान मिळून तुडतुड्यांना हवे तसे हवामान तयार होते, मग हवामान केंद्रावरची नोंद काहीही असो. पट्टा पद्धतीने, म्हणजे ठरावीक ओळींनंतर मोकळी जागा सोडून रोवणी केली की तेथे ऊन आणि वारा शिरतो. काही कीटकनाशकांच्या अपुऱ्या मात्रेने तुडतुड्यांचे प्रजनन उलट वाढते हेही सिद्ध झालेले आहे. औषधाने एकीकडे कोळी आणि इतर शत्रू मरतात आणि दुसरीकडे उरलेल्या माद्या अधिक अंडी घालतात.

शत्रुकीटक आणि रोगजंतू यांनाही हवामान लागतेच, पण ते किडीला लागणाऱ्या हवामानासारखेच असेल असे नाही. किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी ३५ अंशांच्या वर लवकर निष्प्रभ होते, मग यजमान कीड तग धरून असली तरी. पावसाळी, दमट दिवसांत सोयाबीनवरील अळ्यांना बुरशीचा रोग होऊन त्या पांढुरक्या-हिरवट होऊन पानांवर चिकटलेल्या दिसतात. पावसात मोठा खंड पडला की बुरशी मागे पडते आणि अळ्या मोकळ्या सुटतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा जो उद्रेक झाला, त्यापूर्वी पावसाने अशीच ओढ दिली होती. त्या नुकसानीनंतर राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला.

पृथ्वीचे तापमान वाढत असताना पुढे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर या सर्व घटकांमुळे प्रदेशागणिक वेगळे येते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की जागतिक तापमान एका अंशाने वाढले तर तांदूळ, मका आणि गहू यांचे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल. पण ही वाढ मुख्यतः समशीतोष्ण पट्ट्यात होईल, कारण तेथील किडी आज त्यांच्या अनुकूल तापमानाच्या खाली जगतात. उष्ण कटिबंधातील किडी आधीच शिखराजवळ आहेत. त्यांची भूक वाढेल, पण संख्या त्या प्रमाणात वाढेलच असे नाही, कदाचित काही ठिकाणी घटेलही. महाराष्ट्रापुरते पाहिले तर विदर्भातील उन्हाळा अधिक कडक होण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उबदार होणे अधिक चिंतेचे वाटते. त्या रात्रीच आज अनेक किडींना थोपवून धरतात. त्या उबदार झाल्या आणि शेतात फरदड उभी राहिली तर सुप्तावस्थेचा खंड आखूड होत जाऊ शकतो. पावसाची अनियमितताही तितकीच महत्त्वाची आहे. जूनचा पाऊस लांबला की कपाशीची पेरणी पुढे जाते, पतंगांचा उदय मात्र ओलीची वाट पाहत विखुरतो, आणि त्या दोहोंची गाठ कधी पडेल हे मागील वर्षाच्या अनुभवावरून सांगता येत नाही.

म्हणूनच कामगंध सापळ्यांतील मोजणीला पर्याय राहत नाही. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी सोडते त्या गंधाची कृत्रिम प्रतिकृती सापळ्यात ठेवली की रात्री नर तेथे येऊन अडकतात, आणि सकाळी त्यांची संख्या मोजली म्हणजे त्या शेतातील पतंगांची हालचाल कळते. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग मिळणे ही उपाय योजण्याची पातळी मानली जाते. ही मोजणी महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रांच्या रोजच्या कमाल-किमान तापमानाशी जोडली, तर पुढची पिढी कोणत्या आठवड्यात निघणार हे त्या त्या मंडळासाठी अंश-दिवसांवरून काढता येते. मोजणी नियमित हवी, आणि ती पात्या लागण्याआधी, सापळे रिकामे असतानाच सुरू झालेली हवी.